हौस एकाची, जखम दुसऱ्याची

श्रोतेहो, नमस्कार.

१६ फेब्रुवारी २००९. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातलं स्टॅमफर्ड शहर. तिथे एका बाईंनी तान्हेपणापासून घरात वाढवलेला ट्रॅव्हिस नावाचा चिंपांझी अंगणात आला आणि काही केल्या आत जाईना. त्यांनी मैत्रिणीला मदतीला बोलावलं. या मैत्रिणीचं नाव शार्ला नॅश. नॅशबाई गाडीतून उतरल्या आणि ट्रॅव्हिसने त्यांच्यावर झडप घातली. पुढची काही मिनिटं मी वर्णन करून सांगणार नाही. त्या वेळी पोलिसांना केलेला फोन जगभर वाजवला गेला, लोकांनी तो पुन्हा पुन्हा ऐकला. तो तसा ऐकवायला नको होता, असं मला मनापासून वाटतं. पोलिसांच्या गोळ्यांनी ट्रॅव्हिस मेला. नॅश वाचल्या. पण नाक, ओठ, पापण्या आणि दोन्ही हात गेले. पुढे संसर्गामुळे डोळेही काढावे लागले.

यानंतर लोकांनी दोन गोष्टी बोलायला सुरुवात केली. एक, त्या चिंपांझीला असं अचानक झालं तरी काय? आणि दुसरी, हलक्या आवाजात: असं जगण्यापेक्षा बाई गेली असती तर सुटली असती. आज मला या दोन्हींबद्दल बोलायचं आहे.

पहिला प्रश्न घेऊ. कारणं पुष्कळ शोधली गेली. नॅशबाईंनी केसांची ठेवण बदलली होती, म्हणून त्याने ओळखलं नाही. त्यांच्या हातात त्याचं आवडतं खेळणं होतं. त्याला आजार होता, त्याला शामक औषध दिलं होतं. यातलं काहीही खरं असू शकेल. पण प्रत्येक कारणामागे एक गृहीत दडलेलं आहे, की एरवी सगळं ठीक होतं. एरवीही ठीक नव्हतं. तेरा-चौदा वर्षांचा, साधारण ९० किलो वजनाचा पूर्ण वाढलेला नर चिंपांझी माणसांच्या वस्तीत, माणसांच्या घरात राहत होता. कारण हवंच असेल तर तेवढं पुरेसं आहे.

ट्रॅव्हिस जन्मल्यावर तीनच दिवसांत आईपासून वेगळा झाला होता. जंगलात चिंपांझीचं पिल्लू चार-पाच वर्षं आईचं दूध पितं, तिच्या अंगाला बिलगून असतं, आणि कळपातल्या मोठ्यांशी कसं वागायचं, कुठे नमतं घ्यायचं, हे तिच्याकडे पाहून शिकतं. त्याऐवजी याला कपडे मिळाले, खुर्ची-टेबलावरचं जेवण मिळालं, जाहिरातींत काम मिळालं. लोकांना तो गोड वाटायचा. जाहिरातींत आणि भेटकार्डांवर चिंपांझी दात दाखवून हसतो ना, ते बहुतेक वेळा हसणं नसतं. घाबरलेला चिंपांझी तसे दात विचकतो. आपण ते हसू समजून टाळ्या वाजवत आलो, याचं मला फार वाईट वाटतं.

वय वाढतं तसं पिल्लू उरत नाही. नराचं अंग भरतं, आणि कळपात आपली जागा मिळवायची ओढ जागी होते. ती ओढ लाडाने जात नाही, शिक्षेनेही जात नाही. चिंपांझी माणसाच्या पाच-दहा पट ताकदीचा, असं पूर्वी सांगत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्नायूंच्या अभ्यासात ही ताकद, वजनाच्या मानाने, माणसाच्या सुमारे १.३५ पट निघाली. आकडा लहान वाटेल. पण त्याच्या स्नायूंत झटक्यात आकसणारे तंतू आपल्यापेक्षा खूप जास्त असतात, सुळे मोठे असतात, आणि तो दर वेळी सावध करूनच हल्ला करतो असं नाही. चिंपांझी आपापसांत भांडतात तेव्हाही चेहरा आणि हातांवर तुटून पडतात. नॅश यांच्या जखमा तिथेच होत्या. म्हणजे त्या दिवशी ट्रॅव्हिस बिघडला नव्हता. तो चिंपांझीसारखा वागला.

काही जण म्हणतील, कुत्रेही चावतात की. चावतात. चेहऱ्याच्या काही भागाचं जगातलं पहिलं प्रत्यारोपण २००५ मध्ये फ्रान्समधल्या आमियाँ इथे झालं, ते ज्या महिलेवर झालं तिला तिच्याच कुत्र्याने चावलं होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. पण कुत्रा हजारो वर्षांच्या निवडीतून माणसाजवळ आला आहे. माणसाच्या आवाजाकडे, बोटाकडे लक्ष देण्याची सवय त्याच्या रक्तात उतरली आहे. एकच प्राणी प्रेमाने वाढवून हे होत नाही. सैबेरियात १९५९ मध्ये दिमित्री बेल्यायेव यांनी रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. दर पिढीत सर्वांत शांत कोल्हे निवडायचे आणि त्यांचीच पैदास करायची. अनेक पिढ्यांनी माणसाला पाहून शेपूट हलवणारे कोल्हे जन्माला आले. हे झालं मुद्दाम, पिढ्यान्‌पिढ्या निवड केल्यावर. वाघाचा बछडा बाटलीने दूध पाजून वाढवला, तर तो फार तर तुम्हाला सरावतो. त्याचा जन्म वाघाचाच असतो.

शिवाय सगळे धोके दात-नखांचे नसतात. २००३ मध्ये अमेरिकेत मंकीपॉक्सची साथ आली, ४७ रुग्ण नोंदले गेले. पाळायला म्हणून आफ्रिकेतून आणलेल्या उंदीरवर्गीय प्राण्यांकडून तो विषाणू प्रेअरी डॉग या खारीच्या कुळातल्या प्राण्यांना लागला होता, आणि त्यांच्याकडून ज्यांनी ते घरी नेले त्या माणसांना. मकाक जातीच्या माकडांत बी-विषाणू असतो. माकडाला त्याचं फारसं काही होत नाही, माणसाच्या मात्र मेंदूवर जातो.

पण मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. हौस एका माणसाची असते, आणि धोका शेजारी, पाहुणे, मदतीला धावून आलेली मैत्रीण, पोलीस, रुग्णवाहिकेवरची माणसं या सगळ्यांच्या वाट्याला येतो. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. ट्रॅव्हिस २००३ मध्ये गाडीतून निसटला होता, आणि भर चौकात त्याने कितीतरी वेळ वाहतूक अडवली होती. २००८ मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्यातल्या एका जीवशास्त्रज्ञाने वरिष्ठांना लेखी कळवलं होतं, की हा प्राणी कुणाला तरी गंभीर इजा करू शकतो. कागद फाईलमध्ये राहिला. २०११ मध्ये ओहायोतल्या झेन्सव्हिलजवळ एका मालकाने पिंजरे उघडून वाघ, सिंह, अस्वलं सोडून दिली आणि आत्महत्या केली. रात्र पडत होती, जवळ वस्ती होती. पोलिसांनी बहुतेक सगळे प्राणी मारले, त्यांत १८ वाघ होते. त्या पोलिसांनाही हे काम नको होतं.

आता दुसरी गोष्ट. "सुटली असती."

हे बोलणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांना ते दुःख बघवत नाही. पण बघणाऱ्याला जे सहन होत नाही, तेच सोसणाऱ्याला सहन होत नसेल असं आपण धरून चालतो, आणि तिथे चुकतो.

नॅशबाईंच्या बाबतीत नेमकं काय गेलं होतं, ते नीट समजून घेऊ. चेहरा म्हणजे रूप, एवढंच आपल्याला वाटतं. पण ओठ मिटत नसतील तर प, ब, म हे उच्चार होत नाहीत, पाणी तोंडात थांबत नाही, घास चावता येत नाही. नाक नसेल तर वास जातो, आणि वासाबरोबर अन्नाची चवही बरीचशी जाते. त्यात हात आणि डोळे एकदम जाणं ही फार अवघड जोडी आहे. ज्याची दृष्टी जाते तो हातांनी जग ओळखतो: ब्रेल वाचतो, पांढरी काठी धरतो, भिंत चाचपत दारापर्यंत जातो. ज्याचे हात जातात तो नजरेच्या आधाराने कृत्रिम हात वापरायला शिकतो. एकाची भरपाई दुसरा करतो. इथे दोन्ही वाटा एकाच हल्ल्याने बंद केल्या. मग घोटभर पाण्यासाठी माणूस लागतो, अंगावरची माशी हाकलायलाही माणूस लागतो.

मे २०११ मध्ये बोस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये डॉ. बोहदान पोमाहाच यांच्या पथकाने त्यांच्यावर पूर्ण चेहऱ्याचं प्रत्यारोपण केलं. शस्त्रक्रिया सुमारे २० तास चालली. दोन्ही हातही बसवले होते, पण काही दिवसांत न्यूमोनियाची गुंतागुंत झाली, हातांना रक्तपुरवठा पुरेना, आणि ते काढून टाकावे लागले. चेहरा टिकला. त्यांना घट्ट अन्न खाता येऊ लागलं, वास येऊ लागला, बोलणं सुधारलं. आरशात कसं दिसतं हा प्रश्न त्यांच्यापुरता उरलाच नव्हता. वास, चव आणि बोलणं परत मिळणं हेच त्या शस्त्रक्रियेचं मोल.

त्याची किंमतही आहे. दुसऱ्याचा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. त्यांनी संसर्गाचा आणि कर्करोगाचा धोका वाढतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. अमेरिकी लष्कराच्या पैशावर चाललेल्या एका संशोधनात ही औषधं हळूहळू कमी करता येतील का, हे पाहत होते. नॅश त्यात सहभागी झाल्या. २०१६ मध्ये शरीराने चेहरा नाकारायला सुरुवात केली, त्यांना पुन्हा रुग्णालयात जावं लागलं, आणि जुनी औषधं परत सुरू झाली. हे वाचताना मला प्रथम वाईट वाटलं, मग फार आदर वाटला. इतकं सोसलेली बाई पुढच्या जखमी सैनिकांना उपयोग व्हावा म्हणून आपलं शरीर संशोधनाला देते. तिचं आयुष्य संपलं, असं कोण म्हणेल?

संशोधकांनी अशा माणसांनाच विचारून पाहिलं आहे. लॉक्ड-इन नावाची अवस्था असते. त्यात शुद्ध पूर्ण असते, पण सगळं शरीर लुळं पडतं, आणि बहुधा डोळ्यांच्या हालचालीनेच बोलावं लागतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा ६५ जणांपैकी ४७ जणांनी आपण सुखी असल्याचं कळवलं, १८ जणांनी दुःखी असल्याचं. ज्यांनी उत्तर पाठवलं त्यांचेच हे आकडे, हे ध्यानात ठेवायला हवं. तरीही बाहेरून बघणाऱ्या कुणीही असा अंदाज केला नसता.

म्हणून माणूस कशालाही सरावतो, असं म्हणून मोकळं होऊ नका. लॉटरी लागलेली माणसं आणि अपघातात अपंग झालेली माणसं काही काळाने सारखीच सुखी होतात, असं नेहमी सांगितलं जातं. १९७८ च्या ज्या अभ्यासाचा दाखला देतात, त्यात अपघातग्रस्तांचं सुख इतरांपेक्षा कमीच निघालं होतं. पुढे मोठ्या संख्येच्या लोकांवर वर्षानुवर्षं झालेल्या पाहण्यांतही गंभीर अपंगत्वानंतर समाधान घसरतं आणि पूर्ण मूळपदावर येत नाही, असंच दिसलं. खड्डा खरा आहे. पण तो प्रत्येकासाठी सारखा खोल नसतो, आणि त्याची खोली नुसत्या जखमेवर ठरत नाही. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर इजा किती वरच्या मणक्याला झाली यापेक्षा माणूस घराबाहेर पडू शकतो का, त्याला काही काम, काही भूमिका आहे का, माणसं भेटतात का, वेदना आटोक्यात आहे का, यांचा समाधानाशी जास्त संबंध आढळतो. लॉक्ड-इनच्या पाहणीतल्या दुःखी लोकांच्या तक्रारीही अशाच होत्या: बाहेर जाता येत नाही, करमणूक नाही.

म्हणजे हे बरंचसं आपल्या हातात आहे. शुश्रूषेला शिकलेला माणूस, रॅम्प, वाहन, वेदनेवर इलाज, ऐकायची पुस्तकं, मानसोपचार आणि या सगळ्याला पैसा. भेटायला गेलात तर सोबतच्या माणसाला "ताई जेवतात का?" असं विचारू नका, ताईंनाच विचारा. दृष्टी नसेल तर आल्यावर नाव सांगा, निघताना निघतो म्हणून सांगा. हात धरण्याआधी विचारा.

पैशाचं सांगतो. ट्रॅव्हिसच्या मालकिणीच्या मृत्यूनंतर, २०१२ मध्ये, तिच्या मालमत्तेतून नॅश यांना सुमारे ४० लाख डॉलरची तडजोड मिळाली. जन्मभराच्या शुश्रूषेला ते पुरणारं नव्हतं. धोक्याची सूचना राज्याकडे होती म्हणून त्यांनी राज्यावर १५ कोटी डॉलरचा दावा लावण्याची परवानगी मागितली. २०१३ मध्ये ती नाकारली गेली. त्या काळी चिंपांझी पाळणं बेकायदा नव्हतं, हे त्याचं एक कारण. २०१४ मध्ये विधिमंडळानेही नकार दिला. त्याच जुलैत नॅश वॉशिंग्टनला गेल्या, खाजगी घरांत माकडं आणि चिंपांझी पाळण्यासाठी होणारा व्यापार बंद करणाऱ्या विधेयकाच्या बाजूने बोलायला. २००९ मध्ये हल्ल्यानंतर सुमारे आठवड्याने असंच विधेयक कनिष्ठ सभागृहाने मंजूर केलं होतं, पण सिनेटमधून ते पुढे गेलं नाही. २०१४ मध्येही ते मंजूर झालं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये वाघ, सिंह, बिबटे अशा मोठ्या मार्जारांच्या खाजगी मालकीवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला. नॅश ज्यासाठी वॉशिंग्टनला गेल्या होत्या, ते चिंपांझी आणि माकडं त्या कायद्यात नाहीत.