कोणाच्या घरचा चमचा?

नमस्कार श्रोतेहो. आणि दुपारची भांडी आटोपून रेडिओजवळ टेकलेल्या माझ्या सगळ्या बहिणींनो, तुम्हाला वेगळा नमस्कार.

परवा दारव्ह्याच्या बसमध्ये ओळखीची एक मुलगी भेटली. लग्न ठरलंय तिचं. मांडीवर जाडजूड पुस्तक, गुळगुळीत कागदाचं, वर एका नामांकित शेफचा पांढऱ्या कोटातला फोटो. म्हणाली, "काकू, मामानं दिलं. यातलं आपल्या घरी जमेल का हो?" तेवढ्यात तिचा थांबा आला. मी एवढंच म्हणू शकले, की जमेल, पण जसंच्या तसं नाही. राहिलेलं उत्तर आज देते. ती ऐकत असेल अशी आशा आहे.

आधी एक सांगते. शेफ मंडळींबद्दल माझ्या मनात आदर आहे. आपल्या नागपूरच्या विष्णू मनोहर यांनी २०१७ साली सलग ५० तासांहून जास्त वेळ स्वयंपाक करून दाखवला. तेवढा वेळ आचेपुढे उभं राहणं म्हणजे काय असतं, हे लग्नघरची चूल सांभाळलेल्या बाईला सांगायला नको. कसब खरंच आहे. पण ते कसब ज्या स्वयंपाकघरात चालतं, ते तुमचं-माझं नाही.

हॉटेलात कांदा चिरायला एक माणूस, भांडी घासायला दुसरा. ग्रेव्ही सकाळीच मोठाल्या पातेल्यांत तयार असते, लाल वेगळी, पांढरी वेगळी. गिऱ्हाइकानं भाजी मागितली की दोन पळ्या ग्रेव्ही घ्यायची, पनीर टाकायचं, झाली भाजी. पुस्तकातही मग ती भाजी चार ओळींत बसते. तिसऱ्या ओळीत मात्र लिहिलेलं असतं, "ग्रेव्हीसाठी पान १४२ पाहा." पान १४२ काढावं तर तिथं दीड तासाचं काम, आणि त्यात पुन्हा "मसाल्यासाठी पान १५." पोरं शाळेतून यायची वेळ होते आणि आपण अजून पानंच उलटत असतो.

आणि कांदा! या पुस्तकांत कांदा पाच मिनिटांत लाल होतो. त्यांच्या भट्टीसारख्या बर्नरवर होत असेल. आपल्या गॅसवर दोन मोठे कांदे नीट लाल व्हायला वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटं, बायांनो. एकदा घड्याळ लावून पाहा, म्हणजे आपलाच हात चुकतो असं वाटणं थांबेल.

घरात रुळलेली पुस्तकं कोणती, ते आठवून पाहा. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं. त्यातली मापं वाटीची आणि चमच्याची. तरला दलाल घरी स्वयंपाकाचे वर्ग घ्यायच्या, त्यांचं पहिलं पुस्तक १९७४ सालचं. समोर बसलेली बाई लगेच विचारायची, कोणता चमचा, किती वेळ, भांडं केवढं? असे प्रश्न ऐकलेल्या हातानं लिहिलेलं पुस्तक वेगळंच असतं. तिकडे अमेरिकेत बॉस्टनच्या फॅनी फार्मर बाईंनी १८९६ सालीच आग्रह धरला होता, की चमचा भरायचा आणि वरून सुरीनं सपाट करायचा. शीग नको. साधी गोष्ट वाटते, पण साऱ्या पाककृतीचा जीव त्या सपाट चमच्यात असतो. का, ते माझ्याच घरच्या गोष्टीवरून सांगते.

माझं माहेर अमरावतीचं, लग्न १९८९ सालचं. सासर दारव्ह्याजवळच्या खेड्यात. आहेरात एक पुस्तक आलं होतं, एका मोठ्या हॉटेलातल्या शेफचं, मराठीत भाषांतर केलेलं. पहिल्या वर्षी ते पेटीतच राहिलं. घरात वरण-भात, भाकर, अंबाडीची भाजी, पाहुणा आला तर पाटोडीचा रस्सा. पुस्तकाची गरज कोणाला होती?

मग धाकट्या नणंदेला पाहायला पाहुणे येणार असं ठरलं. मुलाकडचे पाच जण, नागपूरचे. गावात दुपारी येणार आणि परतीची बस संध्याकाळी साडेपाचची, म्हणजे नुसत्या पोह्यांवर भागणार नाही, जेवण करावं लागणार. मी सासूबाईंना म्हटलं, आत्याबाई, नागपूरचे लोक आहेत, मी पनीरची भाजी करते. पुस्तकातून. माझ्या सासूबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "कर बाई. शिकेल हायेस."

दोन दिवस तयारी केली. काजू यवतमाळहून आणवले. घरच्या म्हशीचं दूध लिंबू पिळून फाडलं, फडक्यात बांधलं, वर वरवंटा ठेवून पनीर केलं. पुस्तकात क्रीम होतं, मी साय घेतली. पुस्तकात टोमॅटो, आमच्याकडे भेदरं. पुस्तकात कोथिंबीर, आमच्याकडे सांबार.

सांबाराचं निघालंच आहे तर बोलते. बाजारात भाजी घेतल्यावर वर दोन काड्या सांबार फुकट मागायची आपली सवय वाईट आहे. त्या बाईनं तोही पाणी देऊनच वाढवलेला असतो. पैसे देऊन घ्यावा. असो.

चूल पेटवली पऱ्हाटीवर, कापसाच्या वाळक्या काड्यांवर. कापूस निघाला की आपल्याकडे जळण दुसरं कोणतं असणार? पऱ्हाटीचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. भडभड पेटते, क्षणात भांड्याच्या कडेपर्यंत ज्वाळ, आणि दुसरी काडी सरकवायला उशीर झाला की सगळं थंड. पुस्तक म्हणत होतं, "मंद आचेवर दहा मिनिटे." मी डाव्या हातानं पऱ्हाट्या मागं ओढतेय, उजव्या हातानं गंजात सराटा फिरवतेय, आणि काजूचं वाटण बुडाला धरतंय. तरी निभावलं. रंग सुरेख आला होता. मग पुढची ओळ वाचली, "दोन मोठे चमचे लाल तिखट." डब्यात पोह्यांचा मोठा चमचा होता. त्यानं घातलं, दोनदा, शीग लावून.

तिखट आमच्या घरचं, भिवापुरी मिरचीचं.

आत्याबाई अंगणातून आत आल्या. सराट्यावरचा एक थेंब तळहातावर घेतला आणि जिभेला लावला. काही बोलल्या नाहीत. डोळ्यांत टचकन पाणी आलं, पदरानं पुसलं. गंजात वर लाल तेलाचा थर चमकत होता. बाहेर बैठकीत पाहुण्यांच्या चपलांचा आवाज झाला. मला तर रडूच फुटलं.

त्यांनी मला पाटावर बसवलं आणि म्हणाल्या, "वाच बरं, काय लिवलं हाये?"

मी वाचलं, दोन मोठे चमचे लाल तिखट.

"कोनाच्या घरचा चमचा?"

मी गप्प.

"अन् तिखट कोन्त्या मिर्चीचं?"

मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही.

"मंग ते पुस्तक अर्धंच हाये, बाई. बाकीचं अर्धं आपल्याले लिवा लागन."

एवढं बोलून कामाला लागल्या. अर्ध्याहून जास्त रस्सा दुसऱ्या गंजात काढला. पऱ्हाटी बाहेर ओढून पाणी मारलं, शेगडीतला गवरीचा इस्तव चुलीत सरकवला. सकाळचे उकडलेले तीन आलू कुस्करून घातले, वाटीभर साय फेटून घातली, सुपारीएवढा गूळ. झाकण ठेवलं. त्या बारीक इस्तवावर भाजी हळूहळू रटरटली, बुडाला धरली नाही. ताटं वाढली तेव्हा मुलाच्या आईनं भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. सोयरीक जुळली. बाजूला काढलेल्या त्या जहाल रश्श्यात दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी पाणी वाढवून पाटोड्या सोडल्या. मामंजी भाकर कुस्करून जेवले आणि विचारलं, आज रश्श्यात काय घातलं?

आता मी बचत गटाच्या बायकांबरोबर मसाले करते, तिखट कांडते, म्हणून त्या दिवशीची चूक नेमकी सांगू शकते. हॉटेलात रंगासाठी काश्मिरी किंवा बेडगी मिरचीचं तिखट वापरतात. रंग भरपूर, झणका कमी. शेफच्या डब्यात तेच असतं, म्हणून त्याचा हात सैल असतो आणि नुसतं "लाल तिखट" लिहून तो मोकळा होतो. दुसरं चमच्याचं. पुस्तकातला मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर, लहान ५ मिलिलिटर, आणि कप २४० मिलिलिटरचा. आपला चहाचा कप त्याच्या निम्म्याच्या आसपास. एवढं ठाऊक नसेल तर पुस्तक कितीही चांगलं असो, पदार्थ बिघडणार.

तेव्हा बसमधल्या मुली, ऐक. कोणाच्या घरचा चमचा, कोणती मिरची, कोणती आच. पुस्तक उघडलंस की आधी हे तीन प्रश्न विचार. परत सांगते, चमचा, मिरची, आच. पहिल्या खेपेला अर्ध्या मापानं कर. तिखट लिहिलंय त्याच्या निम्मं घाल, वाढवता येतं, काढता येत नाही. "पान अमुक पाहा" असेल तर ते पान आदल्या दिवशी पाहा. आणि पाहुणे येणार त्या दिवशी नवा पदार्थ करू नकोस, पंधरा दिवस आधी घरच्यांना करून घाल.

पुस्तकच नको, असं मात्र मी म्हणणार नाही. दूध फाटल्यावर पनीर किती वेळ दाबून ठेवायचं, काजू गरम पाण्यात भिजवून का वाटायचे, हे मला त्याच पुस्तकानं शिकवलं. आत्याबाईंनाही ते आवडलं होतं. माझं असंही मत आहे, की प्रत्येक गावच्या वाचनालयात स्वयंपाकाच्या पुस्तकांचं एक कपाट हवं, आणि ते दाराजवळ हवं. आमच्याकडे ती पुस्तकं अगदी खालच्या फळीवर, जुन्या दिवाळी अंकांच्या मागे आहेत. बाई वाकून शोधत नाही, संकोचते, आणि परत जाते.

पाहुणे गेल्यावर त्याच रात्री आत्याबाईंनी ते पुस्तक कंदिलाजवळ आणायला लावलं. त्या सांगत गेल्या, मी पेन्सिलीनं समासात लिहीत गेले. पुढे वर्षानुवर्षं तसंच चाललं. एक पदार्थ करायचा, जेवणं झाली की पुस्तक उघडायचं आणि त्यांनी सांगायचं. खसखस काजूच्या जागी चालते. हा कप म्हणजे आपल्या दोन वाट्या. हे लेकरायले नको. काही पानांवर छापलेल्या ओळींपेक्षा आमची पेन्सिलच जास्त आहे.

आत्याबाईंना जाऊन आता बारा वर्षं झाली. माझी मुलगी पुण्याला असते. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, "आई, त्या पनीरच्या पानाचा फोटो पाठव ना." मी पाठवला. थोड्या वेळानं पुन्हा फोन. तिला आजीचं बोलणं वाचून दाखवायचं होतं, "पऱ्हाटी नको, गवरीचा इस्तव. तिखट अर्धा चमचा, पाहुने पाहून." मग म्हणाली, "आई, गवरीचा इस्तव म्हणजे माझ्या गॅसवर किती गं?"

मी म्हटलं, सगळ्यात बारीक, वर झाकण, आणि खाली तवा ठेव.

"थांब," ती म्हणाली, "लिहून घेते."

नमस्कार.