इयर डाऊन झालं, आता फीचं काय?

इंजिनिअरिंगचा निकाल हातात आला, चार विषय राहून पुढच्या वर्षातला प्रवेश अडला, की घरात पहिला सूर निघतो, 'यापुढे फी भरायचीच कशाला?' पालकहो, रागावण्याआधी मुलाला एवढंच विचारा: टर्म ग्रँट झाली आहे ना, म्हणजे हजेरी-सबमिशन पूर्ण धरून कॉलेजने टर्म मान्य केली आहे ना?

इंजिनिअरिंगमधला पैशांचा हिशेब या दोन शब्दांवर फिरतो. हजेरी आणि सबमिशन पूर्ण असताना केवळ पेपर राहिले, तर सहसा पुन्हा वर्गात बसावं लागत नाही. परीक्षेचा फॉर्म भरायचा, त्याचं शुल्क द्यायचं, घरी अभ्यास करायचा. हजेरी ७५ टक्क्यांखाली जाऊन डीटेन झालेल्याला, म्हणजे टर्म नाकारली गेलेल्याला मात्र तीच टर्म पुन्हा करावी लागते, आणि तिची फीही. नापास होण्यापेक्षा डीटेन होणं महाग. कॉलेजच्या ऑफिसात 'पूर्ण फी भरा' म्हणाले, तर ती कशापोटी, हे लेखी मागा आणि पावती घ्या.

दुसरी गोम एटीकेटीत, म्हणजे काही विषय राहूनही पुढच्या वर्षात जाण्याच्या सवलतीत आहे. पहिल्या वर्षाचं गणित राहिलं तरी मूल दुसऱ्या वर्षात जातं, म्हणून आपण निर्धास्त. पण बऱ्याच विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्यात प्रवेश नाही. दुसरं वर्ष उत्तम गुणांनी पास झालेलं मूल एका एम-टूपायी (पहिल्या वर्षाचा गणिताचा दुसरा पेपर) वर्षभर घरी बसतं! क्लासला पैसे घालायचेच असतील, तर ते दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, त्या एका विषयासाठी घाला.

शिष्यवृत्तीचं थोडक्यात. आठ लाखांपर्यंत उत्पन्न आणि कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश असेल, तर राजर्षी शाहू महाराज योजनेत मुलग्यांना निम्मं शिक्षण शुल्क सुटतं, मुलींना २०२४-२५पासून पूर्ण. मॅनेजमेंट कोट्याला ती नाही. वर्ष गेलं, की त्याच वर्षासाठी पुन्हा लाभ धरून चालू नका.

कर्ज असेल तर जास्त जपा. पुढचा हप्ता सोडण्याआधी बँक मार्कशीट मागते. कॉलेजची फी भरायची तारीख उलटते ती इथे. समजा २ लाख ४० हजार उचललेत आणि व्याज १० टक्के आहे. वाढलेल्या एका वर्षाचं सरळव्याज झालं २४ हजार. त्याहून मोठी अडचण ईएमआयची. परतफेड साधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होते, पण बँकेच्या कागदावर कोर्स चारच वर्षांचा. २०२४ला प्रवेश घेतलेल्याचा ईएमआय २०२९मध्ये लागतो, आणि आपलं मूल तेव्हा नुकतं शेवटचा पेपर देऊन आलेलं असतं. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत कोर्सला दोन वर्षांपर्यंत मुदतवाढीची सोय आहे. ती आपोआप मिळत नाही. निकालाची प्रत आणि कॉलेजचं पत्र जोडून शाखेत अर्ज द्या, पोच घ्या.

आणि हे सगळं करण्याआधी, दोन-चार गुणांनी विषय गेला असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. विषयाच्या शिक्षकांना ती दाखवा, त्यांना गुण वाढतील असं वाटलं तरच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा. मुदत थोड्या दिवसांची असते. घरातलं भांडण मिटेपर्यंत ती संपलेली असते.