अर्ज फिरत राहिला

(पडद्यावर: रावपुऱ्याची सकाळ. दुकानांची शटरं वर जातायत.)

वर्ष १९१७. बडोदा सरकारच्या कचेरीत एक अर्ज फिरतोय. या टेबलावरून त्या टेबलावर, एका साहेबाकडून दुसऱ्याकडे. मागणी साधी आहे. नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्याला राहायला सरकारी बंगला मिळावा. दिवाणांच्या मते यात घाई करण्यासारखं काही नाही.

अर्जदार आहेत भीमराव आंबेडकर. महालेखापालांच्या कचेरीत ते उमेदवारीवर लागलेत.

बडोद्याच्या मराठी घरांत सयाजीराव महाराजांबद्दल वाकडा शब्द ऐकू येत नाही, आणि ते उगाच नाही. कवळाण्याच्या शेतकरी घरातला हा मुलगा १८७५ साली दत्तक येऊन गादीवर बसला. १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली, १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा उभी राहिली ती त्यांच्याच पुढाकाराने. भीमरावांना १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं तेही त्यांनीच: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात करार, परत येऊन दहा वर्षं राज्याची नोकरी. पुढे अर्थखातं या तरुणाकडे द्यावं असा महाराजांचा विचार होता, असं चरित्रकार सांगतात.

माणूस पारखणारा, त्याच्यावर पैसा लावणारा, जातीपलीकडे बघणारा मालक. आज उद्योगात नेतृत्वाचे जे गुण सांगतात, ते सगळे इथे होते.

आणि तरीही नोकरीवर आलेल्या माणसाला बडोद्यात पाठ टेकायला जागा नव्हती.

(पडद्यावर: जुन्या वाड्याचा लाकडी जिना, खालून वर.)

हिंदू खाणावळींत अस्पृश्याला प्रवेश नाही. शेवटी एका पारशी धर्मशाळेत सोय लागली. तीही कशी? तिथल्या व्यवस्थापकाशी बोलून, वहीत पारशी नाव लिहून. राहणं-खाणं दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर एक मोठा दिवाणखाना, अडगळीने भरलेला. विजेचा दिवा नाही. संध्याकाळी कचेरीतून यायचं आणि कंदिलाच्या उजेडात पुस्तक उघडून बसायचं. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय.

कचेरीत तरी काय? शिपाई कागद हातात देत नसत, लांबूनच टेबलावर टाकत. हे महाराजांनी सांगितलं नव्हतं. ‘असं चालणार नाही’ हे मात्र त्या खोलीत कुणीच म्हटलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघत होते. तेवढ्यात डझनभर माणसं काठ्या घेऊन जिन्याने वर आली. धर्मशाळा बाटवली म्हणाली. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी हवी. बंगल्याच्या अर्जाचा निकाल अजून लागला नव्हता. दोन स्नेह्यांकडे विचारून झालं, दोघांनी आपापल्या घरच्या अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास त्यांनी कमाटी बागेत काढले, म्हणजे आपल्या आजच्या सयाजीबागेत. तिथल्या वडाच्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात. त्या दिवसाच्या आठवणीत २३ सप्टेंबरला लांबलांबून लोक येतात.

आता भावना बाजूला ठेवून निव्वळ धंद्याचा हिशेब मांडा. ज्याच्या परदेशातल्या शिक्षणावर राज्याने तीन वर्षं पैसे भरले, तो अर्थशास्त्रज्ञ एका घराच्या अर्जापायी हातचा गेला. १९१८ मध्ये तो मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाला. बडोद्याच्या जमाखर्चाच्या कुठल्याही वहीत हे नुकसान दिसणार नाही.

दिवाणांना खलनायक करून भागत नाही. ‘तातडीचं नाही’ हा शेरा दुष्टपणे मारला जातो असं थोडंच आहे? शेरा मारणारा माणूस संध्याकाळी स्वतःच्या घरी जाणार असतो, एवढंच. महाराजांचा लोभ खरा होता, पण त्यांच्या आणि भीमरावांच्या मध्ये पाच-सात टेबलं होती. त्या टेबलांवरच्या कुणाला महाराजांइतकं वाटायलाच हवं असं नाही. पण ‘नवीन माणसाचं घर आठ दिवसांत’ असा एक साधा हुकूम असता, तरी काम झालं असतं.

(पडद्यावर: आजच्या बडोद्यातली मकरपुरा जीआयडीसी, म्हणजे कारखान्यांची वसाहत. लेथ मशीन, लोखंडाचा कीस, पाळी बदलतेय.)

मकरपुऱ्यात नवा ऑपरेटर पुष्कळदा बाहेरगावचा असतो: बिहारचा, उत्तर प्रदेशचा, कधी खानदेशातला आपलाच. पगार ठरतो दहा मिनिटांत. खोलीचा प्रश्न महिनाभर पुरतो. घरमालक आधी आडनाव विचारतो, मग गाव, मग काय खाता. आडनाव पसंत नसलं तर खोली ‘कालच गेली’. मुलगा दोन रात्री स्टेशनवर काढतो, तिसऱ्या दिवशी मशीनवर डुलक्या घेतो आणि सुपरवायझर लिहितो: कामात लक्ष नाही.

इथल्या एका छोट्या कारखान्यात आम्हाला वेगळी रीत दिसली. मालक मराठी, वडील दांडिया बाजारात वाढलेले. नवा माणूस घेताना त्यांच्या फॉर्मवर पगाराच्या रकान्याच्याही वर एक ओळ आहे: आज रात्री मुक्काम कुठे? उत्तर कोरं असेल तर सुपरवायझर स्वतः स्कूटरवरून त्याला घेऊन जातो, घरमालकाशी बोलतो, भाडेकराराच्या कागदावर कारखान्याचा शिक्का मारतो, पोलीस चौकीत भाडूत नोंदणी करून देतो. डिपॉझिटपुरती उचल गल्ल्यातून काढायची मुभा त्याला आहे. मालक त्या दिवशी गावात असोत वा नसोत, त्यांना फोन करावा लागत नाही.