बोरूच्या टोकापासून कॅनव्हासपर्यंत

चाकू बोरूवर तिरपा फिरतो. टोक हाडाच्या पट्टीवर टेकवायचं, एका झटक्यात कापायचं, मग मधोमध बारीक चीर द्यायची. रेषा कुठे जाड होणार आणि कुठे केसासारखी, ते इथेच ठरतं. शाई दिव्याच्या काजळीची, त्यात डिंक. इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीतली काजळीसुद्धा शाईसाठी जमवत, असं सांगतात. दौतीत रेशमाचा बोळा असतो, म्हणून बोरू शाई उचलतो ती बेतानं. कागदावर अंड्याचा पांढरा बलक आणि तुरटी, वरून दगडानं घोटाई. शाई आत मुरत नाही. चुकलं तर ओल्या बोटानं पुसता येतं.

उस्मानी (ऑटोमन) साम्राज्यातल्या सुलेखनकारांनी शतकानुशतकं घोटली ती ही रेषा. 1928 मध्ये तुर्कस्तानात अरबी लिपीऐवजी लॅटिन लिपीचा कायदा झाला आणि त्यांच्यातल्या अनेकांचा रोजगार गेला.

रेषा मात्र चित्रकारांकडे आली. 1933 मध्ये सहा कलावंतांनी ‘डी ग्रुप’ काढला. त्यातले नुरुल्ला बेर्क पॅरिसला शिकून आलेले. हे त्यांचं 1950 चं चित्र, इस्त्री करणारी बाई. रंग सपाट, आणि प्रत्येक रंगाला रेषेचं कुंपण. यात क्यूबिझम, म्हणजे वस्तूंचे भौमितिक तुकडे करणारी पॅरिसची शैली, सगळ्यांना लगेच दिसतो. त्यामागचं उस्मानी लघुचित्र मात्र पटकन दिसत नाही. त्याच ग्रुपमधले अबिदिन दिनो हात काढत. पानंच्या पानं, नुसते हात.

तुर्की चित्रकार एरोल अक्यवाश यांच्या 1959 च्या ‘राजांचं वैभव’ या चित्रातली वळणं अक्षरांसारखी वाटतात, पण वाचायला गेलं की निसटतात. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमनं ते घेतलं.

आता हा कॅनव्हास जवळून बघा. चित्रकार देवरिम एरबिल. लोककलेतल्या नक्षीवर जीव असलेल्या बेद्री रहमी एयुबोग्लू यांचे हे विद्यार्थी. लांबून दिसतं निळं इस्तंबूल. घुमट, मिनार, बोस्फरसची सामुद्रधुनी. जवळ गेलं की शहर विरघळतं आणि उरतात बारीक रेघा. घरांच्या गच्च, एकीवर एक. पक्ष्यांच्या तुटक, घाईत ओढल्यासारख्या. सगळं वरून पाहिलेलं. सोळाव्या शतकात उस्मानी चित्रकार मत्राक्चि नसुह यानं इस्तंबूल रंगवलं तेही असंच, शहर वरून आणि इमारती समोरून, एकाच चित्रात. पॅरिसचा क्यूबिझम तेव्हा जन्मलाही नव्हता.

एरबिल यांच्या या रेघा पुढे विणकामातही उतरल्या.