कालचं पीठ

नमस्कार श्रोतेहो.

पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा वाजला की आपल्याकडे गोव्यात चहाचं आधण चढतं. त्याच्या टोपलीतला उंडा पाव फुगतो तो यीस्टमुळे. पूर्वी पोदेर पिठात माडाची सूर, म्हणजे ताडी, घालत, त्या सुरेतही यीस्टच असे. आता बहुतेक जण पुडीतलं यीस्ट घालतात. सुरेच्या पावाची चव ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांना नव्या पावात काय हरवलंय ते सांगायला नको. माडावर चढणारे रेंदेर कमी झाले, याचं मला फार वाईट वाटतं.

तर, आज मी बोलणार आहे ती लस याच यीस्टकडून बनवून घेतात. हिपॅटायटिस बी या काविळीची लस. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. बाळ जन्मलं की २४ तासांच्या आत या लसीचा पहिला डोस. पुन्हा सांगते, बाळंतिणीच्या खोलीतच, २४ तासांच्या आत. कारण जन्माच्या वेळी आईकडून बाळाला लागण झाली, तर दहातल्या साधारण नऊ बाळांच्या शरीरात हा विषाणू कायमचा राहतो आणि पुढे यकृत निकामी करू शकतो, कधी यकृताचा कर्करोगही होतो. मोठेपणी लागण झाली तर शंभरातल्या पाचांपेक्षाही कमी माणसांच्या शरीरात तो टिकून राहतो. म्हणून घाई बाळाची.

आता माझी आवडती गोष्ट सांगते.

बारा वर्षं झाली असतील. मी सासष्टीतल्या एका आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी बसले होते. गावचे म्हातारे पोदेर आपल्या दीड महिन्याच्या नातीला घेऊन आले. सगळा गाव त्यांना पात्रांव म्हणायचा, मीही तेच म्हणायची. सदऱ्याच्या बाहीवर पीठ, अंगाला फोर्नाच्या धुराचा वास. पेंटाव्हॅलंटच्या सुईत पाच रोगांच्या लसी असतात, हे मी नातीच्या आईला समजावत होते. त्यातली काविळीची लस यीस्टपासून होते, असं सहज बोलून गेले. पात्रांवनी लगेच मान वर केली.

“यीस्टची लस? मग हिला पाव भिजवून भरवला तर चालेल की!”

सगळे हसले, पण ते गंभीर होते. चाळीस वर्षं यीस्ट हाताळलेल्या माणसाचा तो प्रश्न होता, तेव्हा मीही सुई बाजूला ठेवली आणि सांगायला बसले. म्हटलं, पात्रांव, पावाच्या यीस्टला पीठ फुगवणं तेवढं ठाऊक. शास्त्रज्ञांनी काय केलं, तर विषाणूच्या बाहेरच्या कवचातलं एक प्रथिन कसं बनवायचं, एवढीच कृती त्या विषाणूच्या जनुकातून उचलली आणि यीस्टच्या पेशीत घातली. अख्खा विषाणू नाही, फक्त कवचाची कृती. मग ते यीस्ट मोठ्या टाक्यांत साखर-खाद्य घालून वाढवतात, ते वाढता वाढता कवचाचं प्रथिन बनवत राहतं. शेवटी पेशी फोडून तेवढं प्रथिन गाळून, शुद्ध करून घेतात. त्या प्रथिनांचे आपोआप बारीक गोळे होतात, आणि बाळाच्या शरीराला वाटतं, विषाणूच आला. ते लढायला शिकतं.

“म्हणजे या लसीनं कावीळ होणार नाही?”

“कशी होईल? विषाणू आत नाहीच.”

हे तुम्हीही लक्षात ठेवा. लसीत विषाणू नाही, फक्त त्याच्या कवचाचा तुकडा आहे.

पात्रांव थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बाय, आनी तुमचें कालचें पीठ खंय दवरतात?”

मला समजेना. मग त्यांनी उलगडून सांगितलं. सूर मिळाली नाही तर ते रोजच्या पिठातला एक गोळा काढून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच नवं पीठ आंबवत. तो गोळा मेला तर पाव बिघडला. मग एवढ्या मोठ्या कारखान्यात दर खेपेला तेच यीस्ट आणायचं कुठून? बदललं तर लस बदलणार नाही का?

उत्तर माझ्याकडे नव्हतं. एवढं शिकून मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. शोधून पुढच्या वेळी सांगते, म्हटलं. नातीला सुई टोचली, ती कळवळून रडली आणि आजोबांच्या खांद्यावर झोपली.

उत्तराआधी थोडा इतिहास. १९८१ साली या काविळीची पहिली लस निघाली, ती विषाणू अंगात बाळगणाऱ्या माणसांच्या रक्तद्रवातून काढलेली. शुद्ध केलेली असली तरी एड्सच्या त्या काळात लोक रक्ताला भ्यायचे. यीस्टमधली लस १९८६ साली अमेरिकेत मंजूर झाली. माणसांसाठीची जनुक-तंत्राची ती पहिली लस. आपल्याकडे हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली अशी लस बाजारात आणली, दुसऱ्या जातीच्या यीस्टमध्ये वाढवलेली, आणि दर उतरले. परदेशी तेच चांगलं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी ऐकवते. मुलींच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लशींपैकी काही यीस्टमध्येच होतात.

आणि एक गोष्ट. ही लस थंड हवी, पण गोठता कामा नये. दोन ते आठ अंश. गोठली की वाया गेली. घरी आणलीच तर फ्रीजरमध्ये किंवा बर्फाला चिकटवून ठेवू नका. यीस्टची तीव्र अ‍ॅलर्जी कुणाला असेल तर टोचण्याआधी डॉक्टरांना सांगा.

तर चार आठवड्यांनी पात्रांव पुढच्या डोसला आले. मी सांगितलं, कारखान्यातही कालचं पीठ असतं. सुरुवातीलाच एका चांगल्या यीस्टच्या शेकडो कुप्या भरून अतिथंड ठेवतात. त्यातली एक उघडून कामाच्या कुप्या तयार करतात, आणि लसीची प्रत्येक खेप त्यातल्याच एका कुपीपासून वाढवतात. मूळ पीठ तेच राहतं.

पात्रांवनी विचारलं, “सगळ्या एकाच घरात ठेवतात?”

एका पावसात त्यांचं छप्पर गळून गोळा सडला होता. तेव्हापासून ते एक गोळा बहिणीच्या घरी ठेवायचे.

मी म्हटलं, “नाही पात्रांव. कुप्याही दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात.”

“मग टोच,” म्हणाले, आणि नातीची मांडी त्यांनी स्वतः धरली.