रात्र न मोजणारे रोप

नागपुरात जूनमध्ये दिवस साडेतेरा तासांच्या जवळ पोहोचतो आणि डिसेंबरात तो अकरा तासांच्याही आत येतो. या अडीच तासांच्या फरकावर विदर्भातील पिकांचे बरेच वेळापत्रक ठरते. उशिरा येणारी पारंपरिक तूर मृगाच्या पावसावर पेरली जाते, भरपूर वाढते आणि दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलोऱ्यावर येते; तीच तूर सप्टेंबरात पेरली, तर ती बुटकी राहते आणि लवकर फुलते, कारण पुरेशी वाढ होण्याआधीच तिला लांब रात्री मिळू लागतात.

गांजा ज्यापासून मिळतो ते भांगेचे झाड याच स्वभावाचे आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ज्युलियँ तुर्नुआ यांनी १९१२ च्या सुमारास भांग आणि हॉप (बिअरला कडवट चव देणारी वेल) या वनस्पतींवर प्रयोग केले. दिवस लहान होण्यापेक्षा रात्र लांबणे हेच लवकर फुलण्याचे कारण असावे, असे त्यांनी मांडले. पहिल्या महायुद्धात त्यांना मरण आले आणि हे काम अर्धवट राहिले. १९२० मध्ये गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी संशोधकांनी तंबाखू व सोयाबीनवरील प्रयोगांतून दिवसमानाचा नियम जगापुढे ठेवला. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवून दिले की, लांब रात्रीच्या मधोमध काही मिनिटे उजेड पडला तरी लहान दिवसांत फुलणारी वनस्पती फुलत नाही. म्हणजेच, झाड खरे तर अखंड अंधार मोजत असते.

मग अंधार न मोजताच फुलणारी, ‘ऑटोफ्लॉवर’ म्हणून ओळखली जाणारी जात आली कोठून? तिचे मूळ युरोपीय रशियाच्या आग्नेय भागातील रानटी भांगेत आहे. १९२४ मध्ये रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ यानिशेव्हस्की यांनी तिचे वर्णन ‘कॅनाबिस रुडेरॅलिस’ या नावाने केले. त्या प्रदेशात उन्हाळ्यातील दिवस सोळा तासांहून मोठा असतो, आणि रात्र पुरेशी लांब होईपर्यंत हिमतुषार दारात उभे असतात. लांब रात्रीची वाट पाहणाऱ्या रोपाचे बी तेथे पिकलेच नसते; टिकली ती केवळ वयानुसार, उगवल्यानंतर काही आठवड्यांतच फुलणारी रोपे. हा गुण मुख्यत्वे अप्रभावी जनुकातून येत असल्याने, सामान्य जातीशी केलेल्या संकराच्या पहिल्या पिढीत तो बहुधा दिसत नाही आणि पुढच्या पिढीत पुन्हा प्रकटतो. बंद खोलीत कृत्रिम प्रकाशावर भांग वाढवणाऱ्या परदेशी बागाईतदारांना या जातीचे आकर्षण वाटते ते यामुळेच: तिला फुलवण्यासाठी अंधाराचे तास सांभाळावे लागत नाहीत.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगणे आम्हाला कर्तव्य वाटते, कारण ‘लहानसे रोप आहे, घरातच आहे’ या समजुतीने एखाद्या तरुणाचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजेच अमली पदार्थविरोधी, कायद्यात कॅनाबिस प्रजातीचे कोणतेही झाड येते. ते आपोआप फुलते की रात्र मोजून, शेतात आहे की सदनिकेत, याने फरक पडत नाही. विनापरवाना लागवडीला कलम २० अन्वये दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नियंत्रणाचा विचार या भागाला नवा नाही: भांग-गांज्याची चौकशी करणाऱ्या १८९३-९४ च्या ब्रिटिशकालीन हेम्प ड्रग्ज आयोगाच्या काळात, नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात गांज्याची लागवड निमाड जिल्ह्यातील खंडवा तहसिलीपुरतीच सरकारी देखरेखीखाली मर्यादित होती.

फुलण्यामागचे हे शास्त्र ज्यांना स्वतः पडताळून पाहायचे असेल, त्यांना शेवंती पुरेशी आहे. ऑगस्टच्या अखेरीस एकाच वाणाच्या दोन कुंड्या घ्याव्यात, एक रात्री पूर्ण अंधार असलेल्या गच्चीवर ठेवावी आणि दुसरीवर मध्यरात्रीच्या आसपास काही तास दिवा लावावा. पहिलीवर कळ्या धरतील, तेव्हा दुसरी अजून पानेच काढत असेल.