दुकानापुढचा माठ

नमस्कार श्रोतेहो.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आलाय. दुपारी दोनला आपल्या नागपुरात सीताबर्डीचा गजबजलेला रस्तासुद्धा ओस पडतो आणि घरी आलेला माणूस आधी थंड काहीतरी मागतो. म्हणून आजचा विषय: रोजच्या खाण्यापिण्यातून अमेरिकी माल बाजूला कसा सारायचा.

२०२५च्या ऑगस्टात अमेरिकेनं आपल्या बऱ्याच मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. त्याच महिन्यात परदेशी कापसावरचं आपल्याकडचं ११ टक्के शुल्क काही महिन्यांसाठी उठलं. आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं, हे दोन्ही मनाला लागलं. पुढे आकडे खालीवर होवोत, आमच्या घरात ठरलं ते ठरलं.

यंदा चैत्रात नागपूरच्या महाल भागात माझ्या मोठ्या बहिणीच्या नातीचं बारसं होतं. दीडशे माणूस. आदल्या दिवशी जाऊन बघते तर ओसरीवर थंड पेयांचे आठ क्रेट. मी म्हटलं, "ताई, हे काय?" भाऊजी म्हणाले, "अगं, त्यातलं थम्सअप तर आपलं देशी!" होतं, एकेकाळी होतं. १९७७मध्ये कोकाकोला देश सोडून गेली, त्याच सुमारास ते आलं. पण १९९३मध्ये कोकाकोला परतली आणि तिनं ते विकतच घेतलं. लिम्काही गेलं, 'माझा' नावाचं आंब्याचं पेयही गेलं. भाऊजी गप्प झाले. ताईच्या सासूबाई ८२ वर्षांच्या. त्या म्हणाल्या, "वापस करा. मी कैऱ्या उकडते."

क्रेट घेऊन आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस. त्यानं एक शब्द न बोलता क्रेट उतरवून घेतले, पैसे परत केले. मग म्हणाला, "ताई, तुम्ही वापस केलं, बरं केलं. पण मंग मी इकू काय?"

श्रोतेहो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठ क्रेटचा नफा त्याचा बुडाला होता, अमेरिकेतल्या कुणाचा नंतर बुडणार होता. सासूबाईंना येऊन सांगितलं. त्या कैऱ्यांचा गर काढत होत्या. म्हणाल्या, "पाच किलो अजून आणा. त्याच्याही दुकानात ठेवू."

पन्हं कसं करायचं ते तुम्हाला मी काय सांगणार! गूळ घातला, वेलची, मीठ, जरासं केशर. पण दुकानातला फ्रीज कंपनीनं दिलेला, त्यात दुसऱ्याचं काही ठेवायची सोय नाही. तेव्हा सासूबाईंनी आपला जुना माठ काढला, त्याला ओलं लाल फडकं गुंडाळलं आणि नातवाकरवी तिवईसकट दुकानापुढे पाठवला. दहा रुपये ग्लास. बारशाला आलेली माणसं घरी दोन ग्लास पिऊन निघाली आणि जाता जाता दुकानापुढे तिसऱ्यासाठी थांबली. संध्याकाळी पाचला माठ रिकामा!

तर सांगायचं ते हे. एखादी वस्तू सोडायची असेल, तर तिच्या जागी काय ठेवायचं ते आधी ठरवा. पुन्हा सांगते, जागी काय ठेवायचं ते आधी ठरवा. १९२०च्या डिसेंबरात याच नागपुरात काँग्रेसच्या अधिवेशनानं असहकारावर शिक्कामोर्तब केलं. परदेशी कापड सोडा म्हणणाऱ्यांनी लोकांच्या हातात चरखाही दिला होता.

बाकी घरातलं पटकन सांगते. बोर्नव्हिटा २०१०पासून अमेरिकी मालकीचं आहे, त्याऐवजी मुलांना नाचणीसत्त्व द्या. मॅगी स्विस कंपनीची, तिला अमेरिकी समजू नका. बाजारातले बदाम बहुतेक कॅलिफोर्नियाचे. शिऱ्यावर आपल्या विदर्भातल्या जंगलातली चारोळी घाला आणि जेवणात जवसाची चटणी असू द्या. आणि संत्र्याच्या गावात बाटलीतला संत्र्याचा रस पाहुण्यांपुढे ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. संत्रं हातानं सोलून, फोडी करून द्यावं. हल्ली सोलायचाही कंटाळा करतात, तो मला मुळीच आवडत नाही. पंगतीत वाढायचाही तसाच कंटाळा वाढलाय, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

परवा महालात गेले होते. दुकानापुढे आता दोन माठ आहेत, एकात पन्हं, दुसऱ्यात मठ्ठा. दुकानदाराची बायको रोज सकाळी सासूबाईंकडे पन्ह्याची चव दाखवायला येते. त्या कधी म्हणतात मीठ कमी, कधी म्हणतात बरोब्बर.

कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात कैऱ्या अजून मिळताहेत. पाड लागलेल्या घेऊ नका, हिरव्या आणि कडक बघून घ्या. नमस्कार.